पारूआत्यांची लाथ

कोणाशीही ओळख झाली की पारूआत्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "जन्मताना डोकं आधी आलं का पाय?" नाव, गाव, नोकरी हे सगळे त्यानंतर. बँकेतल्या गोऱ्या मुलीलाही त्यांनी हेच विचारले होते आणि शरमेने लाल झालेल्या विलासला, म्हणजे आपल्या मुलाला, ते इंग्रजीत सांगायला लावले होते. त्या भाबड्या मुलीने आईला फोन लावून चौकशी केली. डोकेच आधी आले होते. "मग काय उपयोगाची नाय," आत्या म्हणाल्या आणि खाते उघडायला बसल्या.

जन्मताना ज्याचे पाय आधी येतात तो पायाळू. पायाळू माणसाने पाठीला पाय लावला की उसण उतरते, ही आपल्याकडची जुनी समजूत. आत्या स्वतः पायाळू. कॅल्गरीपासून दीड तासावर, गव्हाच्या शेतांमधल्या एका लहानशा गावात त्या विलासकडे राहायच्या. दोन हजार सालानंतरची ती वर्षे, तेलाचे दिवस चांगले होते आणि आम्ही मराठी इंजिनियर मंडळी मोठी घरे घेऊन लांबलचक ड्राइव्हवेवरचा बर्फ फावड्याने शोव्हल करत होतो. पहिल्या मोठ्या बर्फानंतर निम्म्या मराठी मंडळाची पाठ धरलेली असायची. "इट्स नॉट सायंटिफिक," असे एकमेकांना बजावत लोक गाडी काढायचे आणि विलासच्या बेसमेंटमध्ये सतरंजीवर पालथे पडायचे. आत्या पदर खोचायच्या, "श्वास सोड, पगार नाय मागत मी तुझा," म्हणायच्या आणि लाथ घालायच्या. वर आल्याचा चहा.

मी तेव्हा मंडळाचा सेक्रेटरी होतो. आता ऐंशी उलटली आहे. आमच्या मंडळात पारूआत्यांच्या पंगतीची एक गोष्ट अजून कौतुकाने सांगतात. त्या गोष्टीचा नायक मी आहे. तो मी नव्हतो, एवढे सांगायला हे लिहितो आहे.

आत्यांचा गुडघा बदलला आणि लाथ बंद झाली. तेव्हा त्यांनी शेजारच्या जोसेफला नेमले. जोसेफ मूळचा जमैकाचा, गावातला बर्फ काढणारा ट्रक चालवायचा. तो पायाळू आहे हे कळले ते त्याच्या म्हाताऱ्या आईकडून. ती भेटीला आली असता दोघी विलासच्या स्वयंपाकघरात बसल्या. एकीला दुसरीचा शब्द कळत नव्हता. आत्यांनी नातीची बाहुली घेतली, ओंजळीतून आधी डोक्याने बाहेर काढली, मग पायांनी, आणि खिडकीतून दिसणाऱ्या जोसेफकडे बोट दाखवले. म्हातारीने बाहुली हिसकावली, उलटी केली, पायांना धरून ओढली आणि कपाळावर हात मारून घेतला. आत्यांनी आनंदाने तिला मिठीच मारली.

आमच्या मंडळींना मात्र हा आनंद झाला नाही. दीड तास कण्हत आलेला माणूस बेसमेंटमध्ये जोसेफला पाहायचा आणि ताठ व्हायचा. "आज खरं म्हणजे बरंच बरं वाटतंय, आत्या." गाडीत बसल्यावर बायकोला म्हणायचा, "त्या काळ्याचा पाय लावून घेऊ का पाठीला?" मीही एकदा तसाच परतलो.

"बघा याचा गुण!" आत्या जोसेफच्या पाठीवर थाप मारून सांगायच्या. "मला लाथ घालावी लागायची. याला नुसतं बघून माणसं बरी होत्यात."

त्या वर्षी दिवाळीच्या स्नेहभोजनाला आत्या जोसेफच्याच गाडीतून आल्या. हॉलमध्ये जमिनीवर पंगत होती. जोसेफ आत्यांच्या शेजारी बसला, तसे त्याच्या पलीकडचे पाहुणे पत्रावळी घेऊन हळूच चार जागा सरकले. कमिटीतले एकजण माझ्या कानाशी आले. "सेक्रेटरी, काहीतरी करा. लेडीज अनकम्फर्टेबल आहेत." लेडीज बासुंदी वाढण्यात गर्क होत्या.

मी गेलो. गोड आवाजात म्हणालो, "आत्या, जोसेफला खाली बसायला त्रास होईल. बाहेर कॉरिडॉरमध्ये टेबल मांडून देतो."

"तुमच्यापरीस बरी मांडी घातलीया त्यानं."

"तसं नाही हो आत्या. लोकांना सवय नाही."

आत्यांनी हातातली पुरी खाली ठेवली आणि सगळ्या हॉलला ऐकू जाईल असे बोलल्या. "माझी आजीबी पायाळू होती. गावातल्या मोठ्या घरी उसण भरली की तिला बोलावणं यायचं. लाथ घालून झाली, तिनं पाणी मागितलं, की वरनं ओतायचे, ओंजळीत. पाय चालायचा, भांडं चालत नव्हतं. इमानात बसून एवढ्या लांब आले, तर हिथंबी तेच? चल रं जोसेफ." गुडघ्यावर हात देत त्या उठल्या. दोन्ही पत्रावळी जोसेफने उचलल्या आणि दोघे बाहेर गेले.

पंगत पुन्हा जेवू लागली. मला वाटले, मिटले एकदाचे. जोसेफच्या जागेवर राहिलेला पाण्याचा पेला उचलायला मी वाकलो आणि कमरेत अशी चमक भरली की तिथेच काटकोन झालो. वर येता येईना, खाली बसता येईना. समोर कॅल्गरीचे सगळे मराठी लोक.

"आत्या!" मी ओरडलो.

"जेवतीया," बाहेरून उत्तर आले.

"आत्या, उसण!"

"हिथं पायाळू दोनच. एकीचा गुडघा लोखंडाचा. दुसऱ्याला तुम्ही बाहेर बसवलंय. त्याला विचारा."

"जोसेफ, प्लीज, आत ये!"

"आत येऊन बसंल कुठं?" आत्याच बोलल्या.

"पंगतीत!"

"कुणाशेजारी?"

"माझ्या! माझ्या शेजारी!" त्या कळेत मी त्याला डोक्यावर बसवायलाही तयार होतो.

दोन माणसांनी मला सतरंजीवर पालथे केले. जोसेफ आला. "सॉरी, सर," म्हणाला. पाय लागला, आत कुठेतरी कट् झाले आणि मी उठून बसलो. नंतर आमच्या डॉक्टरने याचे साधे कारण सांगितले, पण त्या वेळी हॉलमध्ये टाळ्या पडल्या. जोसेफ माझ्या शेजारी जेवला. त्या हिवाळ्यात सरकलेल्या पाहुण्यांपैकी तिघे बेसमेंटमध्ये जाऊन त्याच्यापुढे पालथे पडले.

पुढच्या दिवाळीपर्यंत गोष्ट तयार झाली होती. सेक्रेटरींनी भर पंगतीत जोसेफला आत बोलावले आणि स्वतःच्या शेजारी बसवले. यातला शब्दन्शब्द खरा आहे, फक्त माझी पाठ गाळली आहे. आणि आत्याही. मला शाल दिली. मी ती घेतली, मानवतेवर चार वाक्येही बोललो. पहिल्या रांगेत आत्या जोरजोरात टाळ्या वाजवत होत्या. खाली उतरलो तेव्हा म्हणाल्या, "साहेब, शाल नीट घ्या. पाठ उघडी पडंल." पाहिले सगळ्यांनीच होते, पण खरे काय ते आत्यांनी पुन्हा कोणापुढे काढले नाही. मीही नाही.

पुढे काही वर्षांनी आत्या गेल्या. त्यानंतर एकदा मी जोसेफकडे गेलो. बाहेरच्या टेबलामागचे खरे कारण त्याला माहीत नसावे असे इतकी वर्षे मी धरून चाललो होतो. टेबल माझ्या डोक्यातून निघाले होते, त्याच्या मांडीशी त्याचा काही संबंध नव्हता, हे सगळे मी त्याला इंग्रजीत, अडखळत सांगितले.

तो हसला. "आय न्यू, सर. मी तिथेच बसलो होतो की. गोड आवाज सगळ्या भाषांत सारखाच असतो. तुम्ही आतून हाक मारलीत तेव्हा मी आत्यांना, त्यांनीच शिकवलेल्या मोडक्या मराठीत, म्हणालो, आज मी खरीखुरी लाथ मारणार आहे. त्यांनी माझी बाही धरली." मग त्याने आत्यांचे शब्द आत्यांच्याच मराठीत म्हणून दाखवले, "हळू मार. आपलाच हाय त्यो."

"तुला पटलं ते?"

जोसेफने माझ्यापुढे आल्याचा चहा ठेवला.

"त्या दिवशी नाही," तो म्हणाला.

नंतर कधी पटले का, हे विचारायचे धैर्य मला झाले नाही.