लोव्रेचे नकार

माझा थोरला भाऊ लोव्रे वयाच्या पन्नाशीपर्यंत मालवाहू जहाजांवर इंजिनं सांभाळत जगभर फिरला. मग एके दिवशी बॅग खांद्यावर टाकून आमच्या गावच्या, बेतिनाच्या, धक्क्यावर उतरला, तो परत गेलाच नाही. शेडमध्ये आमच्या वडिलांनी स्वतः बांधलेली आठ मीटरची लाकडी बोट पडून होती. तिचं नाव ‘स्तोशिया’, आमच्या आईचं. लोव्रेने दोन हिवाळे तिच्यावर घातले. फळ्या बदलल्या, इंजिन बसवलं, उन्हासाठी वर कापड ताणलं, पाहुणे न्यायचा परवाना काढला आणि माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसला.

“नेवे, कारखाना बंद पडल्यापासून तू सार्डिनचे डबे भरत नाहीस ना?”

“नाही. का?”

“मग आता माणसं भर. माझ्या बोटीत.”

तेव्हापासून उन्हाळ्याचे चार महिने मी धक्क्यावर पाइनच्या झाडाखाली टेबल टाकून बसते. समोर वही, हातात फोन. एका दिवसासाठी एकच कुटुंब किंवा एकच टोळकं, बाहेरचं कुणी नाही. सकाळी आठला निघायचं, कोर्नातीच्या बेटांमधून हिंडायचं, मनात येईल तिथे पोहायचं, दुपारी लाव्साच्या खाडीत जेवायचं आणि सूर्य कलला की परत. लोक फोनवर काय काय विचारतात! बोटीवर शौचालय आहे का, कुत्रा चालेल का, सासूबाईंचे गुडघे दुखतात तर शिडी किती उंच. एकाने विचारलं, बेटांवर झाडं का नाहीत? मी म्हटलं, मेंढ्यांना विचारा.

लोव्रे हे काम मन लावून करायचा. त्याला बोलायला आवडायचं आणि ऐकणारे मिळाले की त्याचं वय दहा वर्षांनी उतरायचं. कुठल्या बेटावर आमच्या आजोबांची ऑलिव्हची झाडं होती, मेंढ्या होडीत घालून कशा न्यायचे, बाहेरच्या समुद्राकडच्या उंच कड्यांना आम्ही मुकुट का म्हणतो, हे सगळं तो सांगायचा. गावात वयस्कर दर्यावर्दीला बार्बा म्हणतात. पाहुणेही दुपारपर्यंत त्याला ‘बार्बा लोव्रे’ म्हणायला लागायचे. संध्याकाळी बोट परत आली की मी लांबूनच ओळखायचे, आज किती गोष्टी सांगून झाल्यात ते.

मग ती ऑगस्टमधली दुपार आली. क्रान्य गावातली सहा स्लोव्हेनियन माणसं होती. परतताना ओपातच्या टोकापलीकडे, मोकळ्या समुद्रात, नेव्हेरा आली. नेव्हेरा म्हणजे आमच्याकडचं अचानक येणारं वादळ, पश्चिमेकडून काळी भिंत चालून यावी तसं. गारा पडल्या. बोट आडवी झाली आणि आलेंका नावाच्या बाईचं मनगट बाक आणि काठ यांच्यात सापडून मोडलं. लोव्रेने बोट वळवून स्मोक्वित्साच्या खाडीत आणली, बाईचा हात दोन फळकुटांत बांधला आणि वादळ ओसरल्यावर सगळ्यांना सुखरूप घरी आणलं.

दहा दिवसांनी आलेंकाने इंटरनेटवर लिहिलं, ‘कप्तानामुळे आमचे प्राण वाचले.’ मी तो मजकूर कागदावर छापून घेतला आणि टेबलाशेजारच्या फळीवर चिकटवला. दुसऱ्या दिवशी तो गायब. मी पुन्हा लावला, पुन्हा गायब. मला वाटलं, लाजतोय.

पुढच्या उन्हाळ्यापासून लोव्रे नकार द्यायला लागला. आधी महिन्यातून एखादा. मग आठवड्यातून. पहाटे धक्क्यावर यायचा, पश्चिमेकडे बघायचा आणि म्हणायचा, “आज नाही.” मी पाहुण्यांना फोन करायचे. शिव्या मलाच खायला लागायच्या. सुरुवातीला गावाने त्याला मान दिला. बार्बा लोव्रे जात नाही म्हणजे काहीतरी असेल, म्हणून बाकीचे कप्तानही आभाळ निरखायचे. पण तीन वर्षांत लोकांच्या लक्षात आलं की तो ज्या दिवशी नाही म्हणतो त्यातल्या बहुतेक दिवशी समुद्र तव्यासारखा सपाट असतो. शेजारी बोट लावणारा दारियो, वेगवान मोटरबोट चालवणारा, मला मोठ्याने विचारायचा, “काय नेवेंकाकाकू, आज बार्बाच्या गुडघ्यात दुखतंय का? मग मी नेऊ का तुमचे पाहुणे?”

आणि नेत होता. मी काय करणार?

गेल्या वर्षीच्या जूनमध्ये झ्देना नावाच्या बाईचा झेक देशातल्या ब्रनोहून फोन आला. वडील ब्याऐंशी वर्षांचे. तरुणपणी एकदा बायकोबरोबर तंबू घेऊन इथे आले होते, तेव्हा पैसे नव्हते म्हणून बेटं फक्त किनाऱ्यावरून बघितली. आता बायको नाही. एकदा बेटांमधून फिरून यायचंय. “एकच दिवस आहे आमच्याकडे,” ती म्हणाली. “दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचंय. आणि बाबांना लाकडी बोटच हवी आहे. प्लॅस्टिकची नको म्हणतात.”

मी वहीत नाव लिहिलं आणि लोव्रेला बजावलं, “या दिवशी काही नाटक नको.”

“वारा माझं ऐकतो का?” तो म्हणाला.

त्या दिवशी बापलेक पावणेआठलाच हजर. झ्देनाच्या वडिलांनी, बोहुमिल आजोबांनी, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता, डोक्यावर गवती टोपी. झ्देनाच्या हातात डब्यांची पिशवी. झेक लोक घरूनच तळलेले मांसाचे तुकडे घेऊन येतात, त्यावरून आमच्या गावात पन्नास वर्षं थट्टा चाललीय. लोव्रे पश्चिमेला बघत उभा होता. आभाळात एक ढगाची रेघ होती. पांढरी, पेन्सिलने ओढल्यासारखी.

“आज नाही,” तो म्हणाला.

“लोव्रे!” मी म्हटलं.

“आज नाही, नेवे. सांग त्यांना.”

मी सांगितलं. झ्देनाचे डोळे भरून आले. आजोबांनी टोपी काढली, आभाळाकडे बघितलं आणि मान हलवली, जणू त्यांनाही तिथे काहीतरी दिसत होतं. दारियो आधीच दोर सोडत होता. “या, आजोबा, या! प्लॅस्टिकची आहे, पण तरंगते!” ते त्याच्याबरोबर गेले.

दिवसभर पान हललं नाही. ढगाची रेघ दहा वाजता विरून गेली. लोव्रे बोटीत बसून आधीच पुसलेलं पितळ पुसत राहिला. मी त्याला जेवायला हाक मारली नाही.

संध्याकाळी दारियोची बोट परत आली. आजोबांचं नाक उन्हाने लाल झालं होतं आणि ते हसत होते. झ्देनाचा हात सोडून ते सावकाश ‘स्तोशिया’जवळ आले.

“कप्तान, छान झाला दिवस,” ते म्हणाले. त्यांची भाषा आमच्या भाषेच्या जवळची, हळू बोलले की कळते. “आवाज फार करते ती बोट. पण छान.” मग पिशवीतून एक छोटा डबा काढला. “हा तुमचा. सकाळपासून तुमच्यासाठी ठेवलेला. माझ्या मुलीने कप्तानासाठी वेगळा केला होता.”

लोव्रेने डबा घेतला.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. “उद्यापासून तूच फोन कर लोकांना. मला नाही जमणार. त्या म्हाताऱ्याचं तोंड बघितलंस सकाळी? जायची भीती वाटते तर तसं सांग, बोट विकून टाकू. पण आभाळावर खापर फोडू नकोस!”

मला वाटलं तो चिडेल. तो बोटीच्या काठावर बसला, डबा मांडीवर धरून.

“मी बघितली होती,” तो म्हणाला.

“काय?”

“नेव्हेरा. आलेंकाचा हात मोडला त्या दिवशी. लाव्साला जेवताना. इटलीच्या बाजूला, पश्चिमेला, ढगाची रेघ काळी झाली होती, मला स्पष्ट दिसली. तेव्हाच निघालो असतो तर वादळ यायच्या आत घरी असतो. पण मासा अर्धा राहिला होता आणि मी आजोबांची गोष्ट सांगत होतो, मेंढी समुद्रात पडते ती. सगळे हसत होते. मला उठावंसं वाटलं नाही, नेवे. पाऊण तास बसलो. त्यांनी नव्हतं थांबवलं मला. मीच थांबलो, हसणं ऐकायला.”

मला फळीवरचा कागद आठवला. मी तो धक्क्यावर येणाऱ्या प्रत्येकाला वाचून दाखवत होते आणि लोव्रे दरवेळी उठून जात होता.

“तिने लिहिलं, प्राण वाचवले,” तो म्हणाला. “आणि मी गप्प बसलो. तेव्हापासून कुठलाही ढग बघितला की मला कळतच नाही, तो खरा आहे का मीच काळा करतोय.”

“मग सांग तिला.”

“आता? चार वर्षांनी?”

“मग काय, चाळीस वर्षांनी सांगणार?”

दोन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी, गाव झोपलेलं असताना, तो टेबलाशी आला. “जुनी वही आहे का तुझ्याकडे?”

माझ्याकडे सगळ्या वह्या असतात. नंबर सापडला. त्याने माझाच फोन घेतला आणि माझ्यासमोरच लावला. स्वतःच्या शब्दाला साक्षीदार हवा असावा, असं मला वाटलं. आलेंकाने आवाज लगेच ओळखला. “बार्बा लोव्रे! कसे आहात?” पलीकडून केस वाळवायच्या यंत्राचा आवाज येत होता. तिचं केस कापायचं दुकान आहे, हे आम्हाला तेव्हा कळलं.

लोव्रेने सगळं सांगितलं. ढग, मासा, मेंढीची गोष्ट, पाऊण तास. काही लपवलं नाही, रंगवलंही नाही. त्याला असं कोरडं बोलताना मी कधी ऐकलं नव्हतं. पलीकडचं यंत्र बंद झालं.

मग ती म्हणाली, “दुपारनंतर माझा हात दुखतो. कात्री वर धरून काम करायचं असतं ना. चार वर्षं दुखतोय. मी म्हणायचे, निसर्ग आहे, कुणाचा दोष नाही. त्यामुळे सोसायला सोपं जायचं.” ती पुढे म्हणाली, “आता मला तुमचा राग येतोय.”

“हो,” लोव्रे म्हणाला. “येणारच.”

“मला आत्ता आणखी बोलायचं नाही.”

“बरं.”

फोन ठेवून त्याने तो माझ्यासमोर सरकवला. त्याच्या मानेला घाम आला होता. “बरं वाटलं का?” मी विचारलं. “नाही,” तो म्हणाला आणि बोटीकडे गेला. पण दुसऱ्या दिवशी आभाळात दोन-तीन ढग असताना त्याने झेक नव्हे, पोलिश नव्हे, कुठलीशी भाषा बोलणाऱ्या पाच पाहुण्यांना बोटीत बसवलं आणि निघाला. मी संध्याकाळपर्यंत पाण्याकडे बघत बसले होते. वेळेवर आला.

हिवाळ्यात आलेंकाने इंटरनेटवरचा आपला मजकूर बदलला. आधी मला फोन करून सांगितलं, भावाशी बोलली नाही. आता तिथे लिहिलंय की कप्तान उशिरा निघाला, चूक त्याची होती आणि ती त्याने स्वतः सांगितली. वादळात मात्र त्याने बोट नीट सांभाळली. हात अजून दुखतो, हेही लिहिलंय. मी लोव्रेला वाचून दाखवलं आणि विचारलं, यावर काही उत्तर लिहायचं का. “उत्तर कसलं? खरंच आहे ते,” तो म्हणाला. “राहू दे.”

ते वाचून काही लोक बुकिंग करत नाहीत. एका बाईने फोनवर विचारलं, “हाच तो कप्तान का?” मी हो म्हटल्यावर तिने नम्रपणे फोन ठेवला. दारियोकडे गेली असेल. काहींना काही फरक पडत नाही; ते कुत्र्याबद्दलच विचारतात.

सकाळचे नकार आता क्वचित असतात. त्याऐवजी लोव्रे निघण्यापूर्वी धक्क्यावरच पाहुण्यांना सांगतो, “मी वळा म्हटलं की वळायचं. जेवण ताटात असलं तरी.” लोक हसून माना डोलावतात, त्यांना ती गंमत वाटते. या जुलैत एकदा त्याने लाव्साला मासा निखाऱ्यावर असतानाच सगळ्यांना उठवलं. एक बाई परतीच्या वाटेवर त्याच्याशी शब्द बोलली नाही. बोट धक्क्याला लागली तेव्हा ऊन होतं. मी हात पुढे केला, तिने तो झिडकारला.

“आम्ही उपाशी आलो आहोत,” तिने मला सुनावलं, “आणि पाऊस कुठे आहे?”

पाऊस तासाभराने आला. तोही नावाला, धक्क्यावरची धूळ बसण्यापुरता. लोव्रे पाइनखाली माझ्या शेजारी बसून तो बघत होता.

“एवढाच,” तो म्हणाला.

“एवढाच,” मी म्हटलं.

“मासा चांगला होता गं. मोठा होता.” मग वही स्वतःकडे ओढून त्याने विचारलं, “उद्या कोण आहे?”