दुसऱ्या आवृत्तीचं खरं कारण

दुसऱ्यांच्या हक्कासाठी घसा फोडून बोलणारा माणूस स्वतःची चूक झाकायची वेळ आली की काय करतो — पाहिलंय कधी? मला ठाऊक आहे, कारण ते मी केलंय. आजवर कुणाला सांगितलं नाही. दौंडला घरीसुद्धा नाही.

पत्रकांच्या गठ्ठ्यांवर बसून अभ्यास केलेली मी मुलगी. आई-वडील स्टेशनबाहेर पत्रकं वाटायचे. पुढे मजकूर मीच लिहायला लागले. कंत्राटी कामगार, किमान वेतन — कशावरही सांगा, लिहीन. आणि नोकरी? शिरूरजवळच्या एका कारखान्यात सर्किट बोर्डांचे लेआउट करते. बोर्डावर कुठला भाग कुठे बसेल, त्यांना जोडणाऱ्या तांब्याच्या रेषा कुठून जातील, ते संगणकावर आखते.

तो बोर्ड टोमॅटो निवडणाऱ्या यंत्राचा होता. कॅमेरा कच्चा-पिका ओळखतो, यंत्र वेगळा काढतं. कॅमेऱ्याचा सिग्नल फार वेगवान. अशा सिग्नलचं एक पथ्य आम्हाला पहिल्या महिन्यातच शिकवतात — वरच्या रेषेतून गेलेला प्रवाह बरोबर तिच्या खालच्या तांब्याच्या थरातून परत येतो. तो थर अखंड हवा. मध्ये फट आली की परतीची वाट मोडते, सिग्नल बिघडतो. मोटरचा भाग वेगळा राहावा म्हणून मी खालच्या तांब्यात फट ठेवली होती. शेवटच्या दिवशी जागा पुरेना, तेव्हा कॅमेऱ्याच्या चार रेषा त्या फटीवरूनच नेल्या. उद्या तपासू, म्हटलं. तपासलं नाही.

बोर्ड बनून आले. यंत्र कधी नीट चाले, कधी चित्र फाटे. असं झालं की कारखान्यात पहिला संशय कुणावर? सोल्डरिंग करणाऱ्यावर. कॅमेऱ्याचा जोड हातानं लावायच्या केंदूरच्या मंगलताई. कंत्राटी.

"चष्मा बदला ताई, हात कापाया लागला तुमचा," सुपरवायझर सगळ्यांसमोर म्हणाला. लोक हसले.

"माझं सोल्डर बैलानं वढलं तरी निघायचं न्हाई, सायेब." मग ताई माझ्याकडं वळल्या. "मॅडम, तुम्ही तर आमच्यासाठी लिवता. सांगा की ह्यांना."

मी काय म्हणाले? "बघू या." एवढंच.

त्याच दुपारी फाइल उघडली आणि फट दिसली. म्हणजे मला माहीत नव्हतं, असं म्हणायलाही जागा नाही. बोलले असते तर काय झालं असतं? बोलणी खाल्ली असती. माझी नोकरी कायमची — ती जाणार नव्हती. हुशार म्हणून नाव झालं होतं, ते जपायचं होतं. बस्स.

आणि मी दुरुस्ती केली — हेच सगळ्यात वाईट. रेषा फटीपासून दूर नेल्या, दुसरी आवृत्ती काढली. प्रत्येक बदलापुढे कारण लिहायचा आमच्याकडे नियम आहे. तिथे मी लिहिलं : 'बोर्डावर छापलेल्या अक्षरांची जागा बदलली.' नवे बोर्ड नीट चालले. पण ते येईपर्यंत मंगलताईंच्या खुर्चीवर दुसरी बाई बसली होती. सगळ्यांना वाटलं, बाई बदलली आणि बोर्ड सुधारले. माझ्या खोट्याला पुरावा मिळाला — तोही मीच तयार केलेला.

ताईंचा गेटपास बंद झाला. त्या आणखी दोन कारखान्यांत गेल्या. हाताची सफाई गेल्याची बातमी त्यांच्याआधी पोचलेली. आता तळेगाव ढमढेऱ्याच्या मळ्यांत भाजी खुडायला जातात, असं लाइनवरच्या बायका सांगतात. त्याच महिन्यात मी कंत्राटी स्त्रियांच्या सन्मानावर पत्रक लिहिलं. लोकांना आवडलं.

रविवारी केंदूरला जाऊन हे लिहिलेलं मंगलताईंना वाचून दाखवणार आहे. सोमवारी दोन्ही आवृत्त्यांचे नकाशे जोडून कारखान्याच्या मोठ्या साहेबांच्या टेबलावर ठेवणार. माफ करा, असं ताईंना म्हणणार नाही — ते ओझं आणखी त्यांच्यावर कशाला?

तुम्ही शिरूरकडच्या कुठल्याही कारखान्यात असाल, तर मात्र एक करा. सोल्डरिंगसाठी मंगलताईंचं नाव निघालं आणि कुणी म्हणालं, त्यांचा हात गेलाय — तर त्याला तिथंच थांबवा. हात पक्का आहे, चूक लेआउटची होती, असं सांगा. लेआउट कुणाचा, विचारलं तर सांगा — पत्रकं लिहिणाऱ्या त्या मॅडमचा.