एस्तेरबाईचा आंबा

हे मी आजवर कुणापुढं बोललेलं नाही. नवऱ्यापुढं नाही, पाळकसाहेबांपुढं नाही, आणि प्रार्थनेत तर मुळीच नाही. तिथं हा विषय मनात आला की मी लगेच आजाऱ्यांची नावं घ्यायला लागते. तू ऐक. मध्ये बोलू नकोस.

सांगलीत आमच्या शेजारी एस्तेरबाई राहायची. आमच्याच चर्चच्या मंडळीतली. नवं कुंपण घालताना ती दोन हात आमच्या परड्यात घुसली, आणि वर मलाच म्हणते, "का गं, रेघ मारून ठेवली हुतीस व्हय?" त्यानंतर तिचं सगळं फुलतच गेलं. नवऱ्याला बढती, मुलीला नोकरी. दारातला आंबा तर असा लगडायचा — पहिली पाटी पाळकसाहेबांच्या घरी. आमच्या परड्यात काय होतं? गवती चहा.

मी तेव्हा पस्तिशीची. काय ध्यान होतं म्हणून सांगू — पांढरी साडी, स्तोत्रं तोंडपाठ, आणि पोटात एस्तेरबाईच्या नावाचा निखारा. दुष्ट माणूस हिरव्या झाडासारखा फोफावतो आणि बघता बघता दिसेनासा होतो, असं शास्त्र सांगतं ना? मी बया रोज सकाळी खिडकीतून आंबा बघायची. वाळला का? तीन वर्षं बघितलं. देवाला काही घाई दिसेना.

मग मी — थांब. सांगते. इतकं फिरून आले, आता सांगायलाच हवं.

एका रविवारी डोकं दुखतंय म्हणून उपासनेला गेले नाही. भावाच्या द्राक्षबागेतला मोरचूद, फवारणीचा, डब्यात आणून ठेवलाच होता. शेजारी सगळे चर्चमध्ये. मी फाटक उघडून आत गेले, गिरमिटानं आंब्याच्या बुंध्याला भोकं पाडली, मोरचूद ठासला आणि वरून शेण लिंपलं. तोंडानं गाणं चालू. उपासनेतलंच, बरं का.

पावसाळा सरेतो आंबा उभा वाळला. मग मी मंडळीत उठून साक्ष दिली. हो, साक्ष. देव न्याय कसा करतो ते सांगितलं — नाव न घेता, पण सगळ्यांना कळेल असं. बायकांनी डोळे पुसले.

त्याच हिवाळ्यात एस्तेरबाईचा नवरा अर्धांगवायूनं अंथरुणाला खिळला. तिनं कुंपण मागं घेतलं, कुणी न सांगता. मग आली, माझ्या पायरीवर बसली. म्हणाली, "रूथ, देवानं मला टाकलं व्हय गं?"

एक वाक्य पुरलं असतं. आणि मी काय म्हणाले? "शास्त्रात हाय तेच झालं, बाई."

त्यानंतर तिनं प्रभुभोजन कधी घेतलं नाही. भाकरीचं ताट जवळ आलं की, आपण त्याला लायक नाही म्हणून, मान खाली. शेवटच्या बाकावर बसायची. नवऱ्याचं दुखणं आपल्याच पापानं आलं, असं धरून त्याचं हगणंमुतणं काढलं, वर्षानुवर्षं. मागच्या साली गेली.

आणि मी? भगिनी मंडळाची अध्यक्ष झाले. दात शाबूत, साखर नाही, घर नातवंडांनी भरलेलं. वाइटाची भरभराट घटकाभराची म्हणतात. पूर्वी मी आंबा बघायची, आता आरसा बघते. अजून हिरवी आहे.

गेल्या रविवारी तेच हिरव्या झाडाचं स्तोत्र वाचायला मला उभं केलं. चष्मा घरी राहिला होता. त्यावाचून अडलं नाही. आवाजही कापला नाही.