लाल दोरी कोणी खेचायची

बंद करायची दोरी खेचली मी आणि ट्रेडमिलचा पट्टा थांबला, पण वर चालणारी बाई थांबली नाही, ती तशीच पुढे गेली आणि हनुवटी दांडीवर आपटली. रक्त आलं, मी टॉवेल आणायला धावले. माझी पोरगी आत टॉवेलच्या खोलीत झोपलेली, ती आवाजाने उठून रडायला लागली.

कांदिवलीत एका जिममध्ये मी सफाईला आहे. दुपारी लेडीज बॅच असते, ट्रेनर जेवायला गेली की खाली मी एकटीच. पोरगी दोन वर्षांची, घरी बघायला कोण नाही, म्हणून जिमचे मालक, आमचे सर, तिला टॉवेलच्या खोलीत ठेवू देतात. दुसरीकडे कोण ठेवू देणार?

हे सगळं व्हायच्या आधीच सरांनी सगळ्यांची मिटिंग घेतली होती. बोलले, फी संपली की मेंबर परत येत नाहीत, कारण काही झालं की तुम्ही 'सरांना विचारते' म्हणता. आता विचारायचं नाही, पॉवर तुमच्याकडे. कोणाला चक्कर येतेय वाटलं तर मशीनची लाल दोरी खेचायची, सफाईवालीनेपण. सगळे माझ्याकडे बघून हसले. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू.

आणि त्या बाईचे ओठ खरंच पांढरे पडलेले. दोनदा विचारलं, ताई बरं आहे ना. तिच्या कानात गाणी. मग खेचली.

"वेडी आहेस का गं? मला काय झालं होतं?" टॉवेल हनुवटीला दाबून ती बोलली.

संध्याकाळी सर आले. "वर्षभराची फी भरणारी मेंबर गेली. मैत्रिणींनापण घेऊन गेली."

"सर, तुम्हीच बोललात ना पॉवर दिली."

"दिली म्हणजे लगेच वापरायची?" मग टॉवेलच्या खोलीकडे बघितलं. "परत असं झालं तर तू आणि ही, दोघी घरी बसा."

"मग आता दोरी खेचायची की नाही?"

"तुझं तू ठरव."

काल दुपारी एक आजी चालता चालता डोळे मिटायला लागल्या. आजी, उतरा म्हटलं, तर हातानेच नको केलं. मी दोरी धरली. दुसऱ्या हाताने सरांना फोन लावला, नुसती रिंग वाजतेय. आत पोरगी खोकली. माझा हात काय हलेना. तेवढ्यात आजींनीच बटण दाबलं, खाली बसल्या, पाणी मागितलं. देताना अर्धं सांडलं माझ्याकडून.

"तुला काय झालं गं?" त्या बोलल्या.

आज परत येणार आहेत त्या. तुमची पोरगी आत झोपलेली असती तर तुम्ही खेचली असती?