ओसाड जमिनीतली वांगी

ही गोष्ट मी इतकी वर्षं टाळली. निवृत्तीच्या समारंभात टाळली, बायकोपाशी टाळली. नातवंडं ‘आजोबांची बाग’ म्हणून मित्रांना दाखवायची, तेव्हाही गप्प राहून कौतुक घेतलं.

सत्तरच्या दशकात नागपूरच्या टोकाला रेल्वेचं एक जुनं यार्ड पडून होतं. रूळ उचलून नेलेले, शेडवर पत्रे नाहीत. तिथे बाग आणि बाजार करायचं ठरलं आणि पाहणीला मला पाठवलं. मी नवा ओव्हरसियर होतो आणि मे महिना होता. मी रस्त्यापलीकडच्या पानठेल्याच्या सावलीत उभा राहून पाहणी केली आणि अहवालात लिहिलं : जमीन संपूर्ण ओसाड, कोणाचीही वहिवाट नाही. माझ्या भाषेचं साहेबांनी कौतुक केलं.

पावसाळ्यानंतर मंत्री ती ओसाड जमीन बघायला येणार, असा निरोप आला. आदल्या दिवशी मी पहिल्यांदा आत गेलो. शेडच्या मागे हिरवीगार वाडी होती. वांगी, अंबाडी, चवळीच्या शेंगा. इंजिनात पाणी भरायचा जुना नळ गळत होता, त्यावर रेल्वेतल्या एका खलाशाच्या विधवेने ती पिकवली होती. गेली कित्येक वर्षं.

साहेबांना सांगितलं तर अहवाल खोटा ठरणार आणि माझी नोकरी जाणार. मी बाईंना म्हणालो, मावशी, हे सगळं आज काढावं लागेल.

“वांगे आत्ताच धरून राह्यले बाबू,” त्या म्हणाल्या. “मंत्र्याले वांगे आवडत नाही का गा?”

मी हसलो. मग म्हणालो, नवा बाजार झाला की पहिला गाळा तुमचा.

“पक्का भेटन मले?”

“पक्का.”

त्यांनी स्वतःच्या हाताने झाडं उपटली. माझे मजूर मुळं ओढून तोडत होते. त्या मजुरांना बाईंनी बाजूला बसवलं. मग आम्ही वर कोळशाची राख पसरली. दुसऱ्या दिवशी मंत्री आले, राखेकडे पाहून हळहळले. या भूमीत आपण हिरवळ फुलवू, असं त्यांनी भाषणात सांगितलं. टाळ्यांत माझीही एक होती.

पुढे हिरवळ फुलवण्याचं काम जोरात चाललं. जमीन ओसाड असल्याचं कागदावर असल्यामुळे काळ्या मातीवर ट्रकांनी काळी माती आणून टाकली. गळका नळ दुरुस्त झाला, त्यामुळे लॉन वाळलं. मग पाण्याची वेगळी योजना मंजूर झाली. फाटकावर पाटी लागली : झाडांना हात लावू नये.

बाजारही झाला. गाळा त्यालाच, ज्याची त्या जागेवर आधीची वहिवाट सिद्ध होईल, असा नियम निघाला. बाई ऑफिसात आल्या. अर्ज तपासणाऱ्या बाबूने माझाच अहवाल त्यांना वाचून दाखवला. मी शेजारच्या टेबलाशी होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एक शब्द मी बोललो असतो तर पुरे होतं. साहेबांना विचारून सांगतो, असं मी म्हणालो, आणि कधीच विचारलं नाही.

बाई बाजाराच्या भिंतीबाहेर पोतं अंथरून भाजी विकायला बसू लागल्या. मी वर्षानुवर्षं लांबच्या बाजारातून भाजी आणली. निवृत्तीनंतर एका सकाळी मन घट्ट करून त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. काय बोलायचं ते घरून पाठ करून आलो होतो. मावशी, तुमचा गाळा माझ्यामुळे गेला, मला माफ करा. एवढंच.

त्यांनी वर पाहिलं. ओळखलं की नाही, कळलं नाही.

“काहून उभा राह्यला गा? काय पायजे?”

मी पिशवी पुढे केली आणि म्हणालो, “वांगी कशी दिली?”