अर्धी मोटार

आमच्या घरी मोटार आली तेव्हा आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, तिला हळदकुंकू लावलं, भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिच्याभोवती एक फेरी मारली आणि मुलाला विचारलं, "बाकीची कुठं हाय रं?"

त्यांचा काही दोष नव्हता. तोवर त्यांनी पाहिलेली मोटार म्हणजे बारामतीहून सुटणारी सर्व्हिस मोटार. तिच्यात माणसं, कोंबड्या आणि गुळाच्या ढेपा सगळं एकदम मावायचं. ही गाडी दोनच माणसांची. गर्द हिरवी, बुटकी, नाक लांब, आणि छपराच्या नावानं एक कापडी टप, तोही मागं घडी घालून ठेवलेला. सांगवीतल्या लोकांनी दोन दिवसांत तिचं नाव 'अर्धी मोटार' ठेवलं आणि पुढं ती असेपर्यंत तेच राहिलं.

गाडी मूळची कालव्यावरच्या गोऱ्या इंजिनिअरची. तो कालव्याच्या बांधावरून धुरळा उडवत जायचा आणि आमची स्वारी उसाला पाणी द्यायचं सोडून बघत राहायची. साहेब विलायतेला परत निघाला तेव्हा हे बारामतीला बैल बघायला म्हणून गेले आणि येताना ही घेऊन आले. मामंजींना विचारलं नाही की सांगितलं नाही. मामंजी दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी ठेवणीतला फेटा बांधला, उपरण्यानं तो हनुवटीखाली आवळला, आणि गाडीत जाऊन बसले. म्हणाले, "चल, गुळाचा भाव बघून येऊ."

साहेबाशेजारी त्या दुसऱ्या जागेवर त्याचं कुत्रं बसायचं. हे सगळ्या पंचक्रोशीनं पाहिलेलं. म्हणून आत्याबाईंनी ती जागा आधी गोमूत्रानं धुवायला लावली, मग राखेनं, मग पुन्हा पाण्यानं. तरी उन्हात गाडी तापली की कातड्याचा आणि तंबाखूचा वास यायचाच, आणि मला तो वास फार आवडायचा. पण हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही. सांगणार कुणाला?

माझं माहेर इंदापूरचं. वडील शाळामास्तर. कविता म्हणायची तर शेवटच्या बाकापर्यंत पोचली पाहिजे, असा त्यांचा आग्रह, आणि मी त्यांच्याच शाळेत शिकलेली. सासरी आले आणि आवाज घशात गेला. सुनेचं बोलणं ओसरीवर ऐकू येता कामा नये, हा घरचा दंडक. नवऱ्याशी दिवसाउजेडी बोलायची तर सोयच नव्हती. आंघोळीचं पाणी तापलं की मी जाऊबाईंना सांगायचं, त्यांनी चुलीकडं बघत मोठ्यानं म्हणायचं, "पाणी तापलंय म्हनं," आणि ते ह्यांनी ऐकायचं. रात्री बोलावं तर भिंतीपलीकडं मामंजींचा खोकला. काय बोलायचं ते कुजबुजत. लग्नाला पाच वर्षं झाली होती, पण आम्ही दोघं कधी घटकाभर बोललो असू असं मला आठवत नाही.

म्हणून ती गाडी पाहिली तेव्हा घरातल्या कुणाच्या ध्यानात न आलेली गोष्ट माझ्या ध्यानात आली. घरादारात, शेतामळ्यात सगळीकडं तिसरं माणूस होतं. ह्या गाडीत तिसरं मावत नव्हतं. मला मोटारीचं काही कौतुक नव्हतं. मला ती दुसरी जागा पाहिजे होती.

पण घरात खाणारी तोंडं डझनभर, आणि प्रत्येकाला ती एकच जागा पाहिजे होती. मामंजींचं झालं. थोरले दीर कोर्टात जाऊन आले आणि आठवडाभर त्याच ऐटीत वावरले. जाऊबाईंना दिवस गेले होते, त्या बारामतीच्या दवाखान्यात जाऊन आल्या. आत्याबाई सुप्याच्या बहिणीकडं गेल्या आणि बहिणीलाही गाडीतून गावभर फिरवून आणायचं म्हणून दोन दिवस तिथंच राहिल्या. कालव्याकडच्या चिखलात गाडी रुतली तेव्हा आमच्याच बैलांनी ती ओढून काढली, त्याचंही सगळ्यांनी कौतुक केलं. मग एक वासरू आजारी पडलं. त्याला गोणपाटात गुंडाळून त्या जागेवर बसवलं आणि हे त्याला गुरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. वासरानं बाहेर मान काढलेली होती आणि कान वाऱ्यावर उडत होते. मी शेणाची पाटी डोक्यावर घेऊन उभी होते. म्हणजे आधी साहेबाचं कुत्रं, आता आमचं वासरू. त्या दिवशी मला खरोखर रडू आलं.

दिवाळीनंतर माझ्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. इंदापूरला जायचं ठरलं, पण जागा एक आणि जाणाऱ्या आम्ही दोघी. आत्याबाई विहीणबाईंच्या घरी मोटारीनं जाण्याचा मान सोडतील, हे शक्यच नव्हतं. मी आपली सर्व्हिस मोटारीच्या गर्दीचा विचार करत बोचकं बांधलं. ते ठेवायला ह्यांनी गाडीच्या पाठीमागचं झाकण उचललं, तर झाकणाच्या आतल्या अंगाला कातड्याची पाठ आणि खाली कातड्याची बैठक. तिला डिकी म्हणतात आणि नोकरचाकर बसवायला ती असते, असं हे म्हणाले. आत्याबाई वाकून बघत म्हणाल्या, "अगं बया, हितं तर मानूस बसतंय!" आणि लगेच मला, "चढ."

नऊवारीचा एक फायदा म्हणजे चढायला उतरायला काही अडत नाही. चाकावरच्या पत्र्यावर पाय ठेवून मी आत उतरले आणि खांद्यापर्यंत त्या खोबणीत बसले. पुढं दोन डोकी, एक फेटा आणि एक पदर. दोघांचीही माझ्याकडं पाठ. मला फार वाईट वाटत होतं. ज्या जागेची मी वाट बघत होते ती हातभर पुढं, आणि मी मागं बोचक्यासारखी.

बारामती मागं पडली, गाडीनं वेग घेतला, आणि माझा पदर डोक्यावरून खाली पडला. सवयीनं मी वर ओढला. पुन्हा पडला. मग माझ्या लक्षात आलं की इथं मला बघणारं कुणी नाही. पाच वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यावर दिवसाउजेडी नुसतं आभाळ होतं. वारा केसांत शिरला, आंबाडा सुटला, मी तो सुटू दिला. आणखी एक गंमत कळली. आत्याबाई मुलाशी जे बोलत होत्या ते वाऱ्याबरोबर सगळं मागं माझ्याकडं येत होतं, अगदी माझ्या भाकरी जाड होतात इथपर्यंत. पण माझं पुढं काही जात नव्हतं. मी हळूच एक ओवी म्हणून बघितली. कुणाचं डोकं वळलं नाही. मग थोडी मोठ्यानं म्हटली. मग शाळेतल्या कविता सुरू केल्या, शेवटच्या बाकापर्यंत पोचतील अशा. मी वाईट वाटून घ्यायचं विसरूनच गेले.

निमगावच्या पानमळ्यांजवळ गाडीच्या नाकातून वाफ आली. ह्यांनी झटकन इंजिन बंद केलं. सगळं एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत माझा एकटीचा आवाज मळ्यावरून खणखणत गेला. मी तोंड मिटेपर्यंत आणि पदर शोधेपर्यंत आत्याबाई वळल्या होत्या.

त्यांनी माझे सुटलेले केस पाहिले, धुळीनं पुसलेलं कुंकू पाहिलं. हे पाणी आणायला विहिरीकडं गेले. आत्याबाई खाली उतरल्या, मागं येऊन उभ्या राहिल्या. आता इथूनच परत पाठवतात, माहेरचं लग्न गेलं, असं माझ्या मनात आलं.

"मागं लई वारं लागतं व्हय गं?"

"व्हय," मी पुटपुटले.

"आन् माझं पाय भाजत्यात फुडं कवाधरनं. उतर खाली. म्या बसती हितं."

मी खाली उतरले. त्यांनी कासोटा घट्ट केला आणि माझ्याहून चपळाईनं त्या डिकीत उतरल्या. हे पाणी घेऊन आले तर आई मागं. आत्याबाई मुलाला म्हणाल्या, "गाव जवळ आलं की भोंगा वाजीव. म्या पदर घीन." म्हणजे पदर खाली पाडायचा हे त्यांनी आधीच ठरवलेलं होतं.

मी पुढं बसले. त्या जागेवर. पाच वर्षांचं बोलणं साठलेलं. हे काहीतरी म्हणाले, मी सवयीनं कुजबुजत उत्तर दिलं. "आँ?" मी पुन्हा कुजबुजले. "ऐकू येत न्हाय, मोठ्यानं बोल की!" मग मी वर्गातल्या आवाजात ओरडले, "म्हटलं, वासराला आवडली होती का ही जागा?"

हे इतके हसले की गाडी रस्त्याच्या कडेला गेली. मग हसणं थांबलं आणि त्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हणाले, "मगाशी गाडी थांबली तवा गाणं ऐकलं. मला वाटलं, पानमळ्यातली कुणी बाई हाय. तुझा आवाज मी वळखलाच न्हाय."

मला हसू आलं आणि डोळे भरूनही आले. वाऱ्यानं आलं असेल पाणी, असं त्यांना वाटलं असेल. मी म्हटलं, "मग आता ऐका," आणि जी बोलत सुटले ती थांबले नाही. भाकऱ्यांचं बोलले, मामंजींच्या खोकल्याचं बोलले, कातड्याच्या वासाचं बोलले, तुमची फार आठवण येते घरात असूनही, असंसुद्धा बोलले. ते आपले हसत होते, विचारत होते आणि गाडी मुद्दाम हळू चालवत होते.

बोलण्याच्या नादात भोंगा वाजवायचा राहिला. आत्याबाई भर बाजारातून, पिकले केस मोकळे सोडून, ओव्या म्हणत इंदापुरात शिरल्या. आमच्या दारात माझे वडील हात जोडून उभे होते. त्यांनी घाईघाईनं मान वळवली. आत्याबाईंनी पदर घेतला, तोऱ्यात खाली उतरल्या आणि मुलाला म्हणाल्या, "भोंगा काय मला ऐकू आला न्हाय. पर हिचं बोलनं समदं ऐकू आलं."

मी लग्नाचे तीनही दिवस त्यांच्या नजरेला नजर दिली नाही. निघायच्या वेळी गाडीजवळ बोचकं घेऊन मागंच जाऊन उभी राहिले. आत्याबाईंनी मला हातानं बाजूला सारलं, आत चढल्या, नीट बसल्या, आणि पदर खांद्यावर घेत म्हणाल्या, "बस फुडं. आन् बोल येतानाच्यावानी. म्या ऐकती."