झोपेत ओलांडलेली नदी

लोक हिमालयात जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी कर्वेनगरहून खराडीला जाऊन आले. हसू नका. पुण्याच्या या टोकापासून त्या टोकाला बसनं जाऊन बघा, मग बोलू.

निघायला कारण झालं माझी थोरली बहीण, रूथअक्का. मंगळवारी तिच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, आणि शनिवारी दुपारी तिच्या मुलाचा, समीरचा, फोन आला. "मावशी, आई प्रभुभोजन घेत नाहीये. उद्या भोजनाची उपासना आहे. तू ये, तुझंच ऐकलं तर ऐकेल."

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत घेतलेला भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. अक्कानं ते कधी चुकवलं नव्हतं. पण ती मुलाकडे खराडीला राहायला गेली, तिथल्या नव्या मंडळीत (उपासनेला जमणाऱ्या समूहात) जाऊ लागली, आणि घोटाळा झाला. तिथे तारणाचाही, म्हणजे पापातून झालेल्या सुटकेचाही, वाढदिवस करतात. ज्या दिवशी आयुष्य येशूच्या हाती दिलं तो दिवस सांगायचा, ते कसं घडलं याची साक्ष द्यायची, मग केक. एका तरुणानं अगदी प्रेमानं विचारलं, "आजी, तुमचं तारण कधी झालं?" अक्काला सांगता येईना. आम्ही नगरकडच्या खेड्यात अप्पांच्या, म्हणजे वडिलांच्या, ख्रिस्ती घरातच जन्मलो, गावच्या देवळात (चर्चला आम्ही देऊळच म्हणतो) बाप्तिस्मा झाला तेव्हा पाळण्यात होतो, बोलायला लागलो तेव्हापासून प्रार्थना म्हणतोय. तारीख आणायची कुठून? दुसरी कुणी असती तर ठोकून दिली असती एखादी. अक्का पडली सरळमार्गी. तारीख नाही म्हणजे तारणही झालं नसेल, असं ठरवून तिनं भाकरीपुढून हात मागे घेतला. मला रागच आला. त्या पोराचा नव्हे, अक्काचा. इतकं प्रामाणिक असावं का माणसानं!

सकाळी डेक्कनला उतरले आणि पूल ओलांडून नारायण पेठेतल्या बेकरीत शिरले. अक्काला खारी आवडते, तिच्या डॉक्टरांना आवडत नाही. म्हणून टोस्ट मागितले.

"ताजे आहेत का हो?"

"टोस्ट कधी ताजे असतात का, बाई?" मान वरही न करता उत्तर आलं. मी पुडा घेतला.

म.न.पा.ला (महापालिकेजवळच्या बसथांब्यावर) खराडीची बस मिळाली आणि खिडकीही मिळाली. शेजारी पांढऱ्या साडीतल्या एक बाई होत्या, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्या येरवड्याला विहारात बुद्धवंदनेला निघाल्या होत्या. माझ्या डोक्यात एकच किडा वळवळत होता. मी विचारून टाकलं, "तुम्ही बौद्ध कधी झालात?"

"मी? दीक्षा आजोबांनी घेतली, छप्पन साली. तारीख त्यांची. मी आपली घरातच जन्मले."

"असं कुणी विचारतं का तुम्हाला?"

"तुम्हीच पहिल्या," त्या म्हणाल्या, आणि मी ओशाळून खिडकीबाहेर बघायला लागले.

पुढे बंडगार्डनचा पूल लागतो. नदी दिसली की मला बरं वाटतं, मग तिच्यात पाण्यापेक्षा जलपर्णी जास्त का असेना. पण आदल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता. जागी झाले ती त्या बाईंच्या हाकेनं. "ताई, उठा. माझं येरवडा आलं."

"अगंबाई! आणि पूल?"

"पूल केव्हाच गेला. छान घोरत होतात."

खराडीत काचेच्या इमारती रविवारच्या सुट्टीनं सुन्न उभ्या होत्या. मंडळी भरते ती एका फर्निचरच्या दुकानावरच्या हॉलमध्ये. तरुण पोरं, गिटार, पडद्यावर गाण्याच्या ओळी. शेवटच्या रांगेत खळीची साडी नेसून अक्का ताठ बसली होती. चेहरा मात्र ओढलेला.

"सलाम, अक्का." आम्हा नगरकडच्या ख्रिस्ती लोकांचा हाच नमस्कार.

"सलाम. समीरनं पाठवलं ना? उगाच आलीस." मग हळूच म्हणाली, "मला भीती वाटते गं. मंगळवारी काही झालं, आणि प्रभूनं विचारलं, तू माझ्याकडे कधी आलीस, तर काय सांगू?"

बसमध्ये मनाशी घोकलेलं सगळं मी विसरले. तोंडातून भलतंच आलं. "अक्का, आज मी बंडगार्डनचा पूल झोपेत ओलांडला."

"तू कायमचीच झोपाळू. नाताळच्या उपासनेला जाताना आपल्या ओढ्यातसुद्धा अप्पांच्या खांद्यावर झोपायचीस. मी मात्र त्यांचं बोट धरून, थंडगार पाण्यातून, दगड चाचपत."

"बरोबर. आणि मला जाग यायची ती एकदम देवळात. पण पाणी कधी ओलांडलंस, असं मला कुणी विचारलं का? शेवटी शिरा वाटायचे, तो मलाही मिळायचाच की."

"तुला जरा जास्तच मिळायचा," अक्का म्हणाली. मग तिनं हातातल्या रुमालाची नीट घडी घातली.

भाकरीचं ताट रांगेरांगेनं मागे आलं. अक्कानं हात पुढे केला, थांबली, आणि तुकडा उचलला. सगळ्यांच्या हाती भाकर येईपर्यंत थांबायचं, मग एकदम खायचं, अशी तिथली रीत. तेवढा वेळ तिनं तो तुकडा दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला. आम्ही दोघी बरोबरच खाल्लं. माझे डोळे भरून आले, आणि ते लपवायच्या भानगडीत मी पडले नाही.

संध्याकाळी समीर मला त्याच्या घरून बसथांब्यावर सोडायला निघाला. अक्का दारापर्यंत आली. म्हणाली, "ऐक. मंगळवारी मला भूल देणार आहेत."

"हो गं, माहीत आहे."

"म्हणजे या खेपेला झोपायची पाळी माझी." ती हसली. "अप्पांच्या खांद्यावर कसं वाटत होतं गं?"

"काही कळायचं नाही, अक्का. ऊब लागायची फक्त."

परतीच्या बसमध्ये मी डोळे टक्क उघडे ठेवले. बंडगार्डनचा पूल आला. खाली नदी होती, जलपर्णी होती, वासही होता. सगळं नीट बघून घेतलं. मग वाटलं, सकाळी जाताना मी हे काहीच पाहिलं नव्हतं, तरी पोचले होते पलीकडेच. कर्वेनगरला घरी आले, पर्स उघडली, तर टोस्टचा पुडा तसाच. बुधवारी अक्काला भेटायला जाताना न्यायचा म्हणून डब्यात घालून ठेवला.